सावकाश, मोठे, सावकाश!

आमच्या सासूबाईंचा एक विचित्र नेम होता. कुठलीही शर्यत असो, त्या शेवटच्याकडे बघायच्या. टीव्हीवर जगातली सगळ्यात वेगवान माणसं धावत असायची, पहिला कोण यावरून माझा नवरा निखिल आणि आमची मुलगी इरा सोफ्यावर उड्या मारत असायचे, आणि आई पुढे सरकून मला विचारायच्या, "तो आठवा कुठला गं? नाव काय त्याचं?" नाव कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. कळलं की समाधानानं मागे टेकायच्या. "कुणीतरी नाव घ्यायला पाहिजे ना त्याचं. पहिल्याचं काय, सगळं गाव घेतं."

एकदा इराच्या पोहण्याच्या स्पर्धेला त्यांना नेलं. इरा दुसरी आली. सगळी मुलं पाण्याबाहेर येऊन टॉवेल गुंडाळून उभी राहिली, तरी एक गुबगुबीत मुलगी अजून पाण्यातच हातपाय मारत होती. पंच घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात आमच्या रांगेतून खणखणीत आवाज गेला, "ये गं बाळा, ये! थोडंच राहिलंय!" सगळा हॉल वळून बघायला लागला. मुलगी कडेला पोचली तेव्हा आई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. इरा दोन दिवस फुगून बसली होती. "ती माझी आजी आहे की तिची?" असं तिनं मला जर्मनमध्ये विचारलं.

आईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. ठेंगणा बांधा, सुती साडी, तिच्याखाली निखिलचे जुने स्पोर्ट्‌स शूज, आणि चाल अशी की हॅम्बर्गच्या पावसातसुद्धा मला त्यांच्या मागे धावावं लागायचं. सासरे गेल्यावर दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या पुण्याहून आमच्याकडे यायच्या. जर्मन त्यांना येत नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. बसच्या ड्रायव्हरशी, बेकरीतल्या बाईशी, खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी त्या सरळ मराठीत बोलत. एकच जर्मन शब्द त्यांनी उचलला होता, "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर'. तो त्या कुठेही वापरायच्या. आमटीत मीठ बरोबर पडलं की गेनाऊ. निखिलनं उलट उत्तर दिलं की कमरेवर हात ठेवून, "हो का? गेनाऊ!" इथल्या उन्हाबद्दल म्हणायच्या, "ऊन कसलं, जावई आहे तो. आला तर आला, आणि बसेल किती वेळ ते विचारायचं नाही."

एवढ्या बोलक्या बाईनं एक गोष्ट मात्र चाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. पोटच्या मुलालाही नाही. ती मला कळली एका चिखलानं भरलेल्या अंगणापाशी.

इरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शनिवारी घोडेस्वारी शिकायला जायची. शहराबाहेर, बस जिथे संपते त्याच्याही पुढे, फ्राउ पेटरसन नावाच्या बाईंचा तबेला होता. साठीच्या आसपासच्या, उंच, कमी बोलणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बाई. तबेल्याच्या दारावर मोठी पाटी होती की परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे, आणि बाईंचा चेहरा बघितला की पाटीची गरज वाटत नसे. आम्ही कुंपणाबाहेर उभ्या होतो. अंगणातून एका काळ्या घोड्याला कुणीतरी चालवत नेलं. आई बोलता बोलता थांबल्या. मान तिरकी केली.

"त्या काळ्याचा मागचा डावा नाल ढिला झालाय," त्या म्हणाल्या. "सांग तिला."

"आई, अहो काहीतरीच काय!"

"अगं, ऐकू येतंय. तीन टापा टक वाजतात आणि चौथी टिक. सांग, नाहीतर वाटेत निघेल आणि खूर फाटेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोड्यांमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला मी काय सांगणार, की माझ्या सासूला टिक ऐकू येतंय? पण आईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी सांगून टाकलं. फ्राउ पेटरसननी आईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, साडीकडे, स्पोर्ट्‌स शूजकडे. मग घोड्याचा मागचा डावा पाय उचलला आणि नालावर अंगठा दाबला. नाल हलला.

"यांना कसं कळलं?" त्यांनी मला विचारलं. मी तोच प्रश्न मराठीत आईंना विचारला, आणि मलाही त्याचं उत्तर पहिल्यांदाच मिळालं.

आईंचे वडील, तात्या, पुण्याच्या रेसकोर्सच्या मागे घोड्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पट्ट्या बांधायचे, खुरांना मलम लावायचे, रात्रपाळीला आजारी घोड्याजवळ बसायचे. सुमनला, म्हणजे आमच्या सासूबाईंना, घरी आई नव्हती, त्यामुळे शाळा सुटली की ती थेट दवाखान्यात. अभ्यास गवताच्या गंजीवर. रविवारी तात्या तिला कठड्यापाशी उभं करायचे आणि पळणारे घोडे दाखवायचे. पैसे मात्र आयुष्यात कधी लावले नाहीत. "पैसा लावला की घोडा दिसत नाही," असं ते म्हणायचे, "नुसता आकडा दिसतो."

पुढे लग्न झालं ते शाळामास्तरांच्या घरात. त्या घरात रेस हा शब्द दारूच्या बरोबरीनं उच्चारला जायचा. नव्या सुनेनं पहिल्याच आठवड्यात एकदा घोड्यांचा विषय काढला, आणि सासऱ्यांनी पानावरून हात काढून घेतला. त्यानंतर सुमननं घोडा म्हणून जो काही होता तो माहेरीच बांधून टाकला.

घरी गेल्यावर निखिलला सांगितलं तर तो बघतच राहिला. "आई, हे तू मला कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस, की आई, तुला नाल कळतो का?"

तिथून पुढे आई रोज एकट्या बसनं तबेल्यावर जायला लागल्या. फ्राउ पेटरसन जर्मनमध्ये बोलायच्या, आई मराठीत. दोघींचं काही अडलेलं मी कधी बघितलं नाही. पाटी दारावर तशीच होती, पण ती आता इतरांसाठी होती.

या तबेल्यात एक बुटकी, तपकिरी घोडी होती. तिचं नाव मॉटं. जर्मनमध्ये मॉटं म्हणजे पतंग, दिव्याभोवती फिरतो तो. आईंनी ते 'मोठे' असं ऐकलं. "एवढीशी तर आहे, आणि नाव मोठी?" म्हणून खूप हसल्या, आणि त्या दिवसापासून ती मोठीच झाली. "ये गं मोठे. खा गं मोठे." घोडीचीही तक्रार नव्हती.

मोठी शर्यतीची घोडी होती, पण स्वार पाठीवर बसवून पळणाऱ्यांपैकी नव्हे. तिला दोन चाकांची हलकी गाडी जोडायची, गाडीत हाकणारा बसायचा, आणि घोड्यानं पळायचं ते फक्त दुडक्या चालीनं. चौखूर उधळला की त्याला मागे खेचायचं, नाहीतर शर्यतीतून बाद. मोठीच्या दुडकीला वेग होता. सरावात तिला गाठणारं तिथे कुणी नव्हतं. पण खऱ्या शर्यतीत, बाकीचे घोडे आजूबाजूला आले, की ही अचानक बिथरायची आणि चौखूर सुटायची. तीन वर्षं ती दर शर्यतीत बाद झाली होती किंवा शेवटची आली होती. फ्राउ पेटरसन स्वतः तिची गाडी हाकायच्या. लोक दोघींना हसायचे.

"लहरी आहे," बाई म्हणाल्या. "आता पुरे. उन्हाळ्यातली समुद्रावरची शर्यत शेवटची. त्यातही उधळली तर एक व्यापारी येऊन घेऊन जाईल."

"व्यापारी पुढे काय करतो?" आईंनी मला विचारायला लावलं.

"ते विचारायचं नसतं," फ्राउ पेटरसन म्हणाल्या आणि तोंड फिरवून खरारा करायला लागल्या.

त्या संध्याकाळी आई जेवल्या नाहीत. मी शेजारी जाऊन बसले, तेव्हा त्यांनी मला फकीरची गोष्ट सांगितली. फकीर हा रेसकोर्सवरचा एक करडा घोडा. नेहमी शेवटचा. सात-आठ वर्षांची सुमन कठड्यावर चढून त्याच्याच नावानं ओरडायची, आणि आजूबाजूचे लोक हसायचे.

"मग जिंकला का कधी?" मी विचारलं.

"नाही गं. एकदाही नाही. पुढं एकदा स्टेशनवर दिसला. टांग्याला जुंपलेला. बरगड्या मोजता येत होत्या. मी हाक मारली तर कान टवकारले त्यानं. ओळखलं मला. मी धावणार, तेवढ्यात तात्यांनी माझं तोंड आपल्या धोतरात धरलं आणि घरी नेलं. त्या दिवशी तात्याही जेवले नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकरच्या बसनं गेल्या. चार दिवस त्यांनी मोठीला नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी, शनिवारी, आम्ही पोचलो तेव्हा मला हाक मारली. "इकडे ये. गंमत बघ." गाजर घेऊन त्या मोठीच्या डाव्या बाजूनं गेल्या. घोडीनं अलगद ते घेतलं. मग उजव्या बाजूनं, पावलांचा आवाज न करता गेल्या. गाजर ओठाला लागलं तशी मोठी थरारून मागे सरली. आईंनी हातरुमाल काढला आणि वारा लागणार नाही अशा बेतानं उजव्या डोळ्यासमोर हळूच हलवला. पापणी लवली नाही.

"हिला उजव्या डोळ्यानं धड दिसत नाही. लहरी कसली? माझ्या मोतीबिंदूच्या वेळी मी अशीच दचकायची. त्या बाजूनं कुणी आलं की एकदम अंगावर आल्यासारखं वाटायचं."

मी हे फ्राउ पेटरसनना सांगितलं आणि पश्चात्ताप झाला. बाई लालबुंद झाल्या. तीस वर्षं घोडे सांभाळतेय, माझ्या घोडीचा डोळा मला कळत नाही का, असं तुटक बोलून आत निघून गेल्या. दोन दिवस आई गेल्या आणि कुंपणाबाहेर उभं राहून परत आल्या. "येऊ दे राग," म्हणाल्या. "माझ्यावर येतोय, घोडीवर नाही ना?"

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. पशुवैद्य येऊन गेले होते. त्यांनी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ डोळा बघितला होता. उजवा डोळा दोन-तीन वर्षांपासून हळूहळू गढुळत चालला होता. पळायला हरकत नाही, पण त्या बाजूचं झापड काढा, असं ते सांगून गेले होते. मग फ्राउ पेटरसन म्हणाल्या, "तर मग... तुमच्या सासूबाईंना सांगा, बस उशिरा असेल तर मी गाडी घेऊन येते."

शर्यतीला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत आईंनी एकच गोष्ट केली. मोठीच्या उजव्या बाजूनं चालत त्या सतत बोलत राहायच्या. "दिसत नाही तिथं आवाज पोचला पाहिजे," असं त्यांचं शास्त्र. भाज्यांचे भाव, पुण्यातली वाहतूक, नणंदांच्या कागाळ्या, सगळं त्या घोडीनं ऐकलं. आणि ती बिचकली की एकच शब्द, लांबवून, "सा-व-का-श." महिन्याभरात असं झालं की उजवीकडून ट्रॅक्टर गेला तरी त्या शब्दाला मोठीचा कान वळायचा आणि पाय लयीत राहायचे. पण शर्यतीत गाडीवर बसणार होत्या फ्राउ पेटरसन. म्हणून आईंनी त्यांनाही तो शब्द शिकवला. त्या कडक बाई अंगणात उभ्या राहून "ज़ावकाश, ज़ावकाश" घोकताहेत, आणि आई शाळामास्तरांच्या सुनेला शोभेल अशा तऱ्हेनं बोट उगारून "ज नाही, स! स!" म्हणताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शर्यत समुद्रावर म्हणजे अक्षरशः समुद्रात असते. तिकडे ओहोटीला पाणी मैलोन्‌मैल मागे जातं आणि उघड्या पडलेल्या तळावर घोडे पळवतात. भरती यायच्या आत सगळं उरकावं लागतं. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. किनाऱ्याच्या बांधावर लोकांची झुंबड, वाऱ्यानं छत्र्या उलटलेल्या, मासे घातलेल्या पावांचा वास. आईंनी साडी वर खोचून गमबूट घातले होते आणि वरून निखिलचा रेनकोट.

चिठ्ठ्यांमध्ये मोठीला आठवा नंबर आला, सगळ्यांत बाहेरची जागा. फ्राउ पेटरसनचा चेहरा पडला. बाहेरून पळायचं म्हणजे प्रत्येक वळणावर जास्त अंतर. आईंनी मात्र टाळी वाजवली. "छान झालं! सगळे डावीकडं राहतील, दिसतील तिला. उजवीकडं नुसता समुद्र!" मग खाली वाकून वाळू दाबून बघितली. "आणि आत बघ, कसा चिखल झालाय खुरांनी. बाहेर घट्ट आहे." मी भाषांतर केलं. फ्राउ पेटरसन वाळूकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "गेनाऊ."

दोन फेऱ्या होत्या. सुटताना मोठी शेवटची राहिली. पहिल्या वळणावर कुणीतरी मागे हसलं. एक धिप्पाड काळा घोडा सुरुवातीपासून पुढे होता, बाकीचे त्याच्या मागे दाटीनं, एकमेकांवर ओली वाळू उडवत. मोठी बाहेरून, एकटीच, घड्याळासारखी टकटक चालली होती. पहिली फेरी संपली तेव्हा ती सहावी होती. दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर चौथी. सगळा बांध आपापल्या घोड्यांना जर्मनमध्ये "जोरात, जोरात" ओरडत होता, आणि आई बांधाखाली वाळूतल्या कठड्याला धरून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "सावकाश, मोठे! सावकाश!"

इरानं एक क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि तीही ओरडायला लागली. मग मी. मग निखिल. शेजारच्या एका जाड्या आजोबांनी विचारलं, याचा अर्थ काय? इरानं सांगितलं, "लांगज़ाम!" आजोबा एवढे हसले की त्यांच्या हातातली बिअर सांडली. "शर्यतीत सावकाश?" आणि मग तेही आमच्यात सामील झाले, "ज़ावकाश! ज़ावकाश!" बघता बघता बांधाचा तो सगळा तुकडा ज़ावकाश ओरडू लागला.

शेवटच्या वळणावर मोठी दुसरी होती. आणि तिथेच मागचा एक घोडा आतल्या चिखलातून बाहेर काढला गेला आणि थेट तिच्या उजव्या बाजूला आला. मोठीचं डोकं वर गेलं. तीन वर्षं याच क्षणी ती उधळली होती. आईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. फ्राउ पेटरसन गाडीत उजवीकडे एवढ्या झुकल्या की पडतील असं वाटलं. त्यांचे ओठ हलताना दिसले.

मोठीचा कान वळला. डोकं खाली आलं. पाय लयीतच राहिले.

मग ती जी निघाली! दुडकी चाल, पण जमिनीला पाय लागत नाहीत अशी. काळ्या घोड्याच्या मानेपाशी ती पोचली, तसा काळ्याला हाकणारा घाबरला, त्यानं लगाम झटकला आणि काळा चौखूर उधळला. त्याला मागे खेचावंच लागलं. ती बुटकी तपकिरी घोडी एकटी, वाऱ्याला छाती देत, रेषेपार गेली.

आई ओल्या वाळूतच बसल्या. निखिल त्यांना उचलायला वाकला तर त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून हमसून रडल्या. "जिंकली रे," एवढंच म्हणत होत्या. "माझं कुणी कधी जिंकलं नव्हतं रे आजवर."

फ्राउ पेटरसननी गाडीतून उतरायच्या आधीच खिशातून फोन काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, येऊ नका. मोठी आजही त्याच तबेल्यात आहे. पुढे तिच्या आणखी दोन शर्यती झाल्या, एक जिंकली, एक हरली, आणि आता ती इराच्या वयाच्या मुलींना पाठीवर घेऊन अंगणात फिरते.

आई त्यानंतर तीन आठवड्यांनी पुण्याला गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्याआधीच, झोपेत, गेल्या. विमानतळावरचा निरोप मला फारसा आठवत नाही. आठवतं ते त्या दिवसाचंच शेवटचं.

जिंकणाऱ्या घोड्यानं बांधासमोरून एक फेरी मारायची रीत आहे. हार घातलेल्या मोठीला घेऊन फ्राउ पेटरसन आमच्यासमोर आल्या, थांबल्या आणि गाडीतल्या बैठकीकडे बोट दाखवून आईंना म्हणाल्या, "बिट्टं." प्लीज, बसा. निखिल म्हणाला, "आई, अजिबात नाही हं! पडशील!" तोवर आई चढल्या होत्या. डोक्याला फ्राउ पेटरसनचं शिरस्त्राण, अंगावर निखिलचा रेनकोट, साडीचे काठ वाळूनं भरलेले. फ्राउ पेटरसन पुढे तोंडाशी धरून घोडीला चालवू लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते. अर्ध्या वाटेवर आईंनी लगाम हातात नीट घेतला आणि जिभेनं एकदा टक् केलं. फ्राउ पेटरसननी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात सोडला.

मोठीनं दुडकी धरली. "आई, थांब!" म्हणत निखिल मागे धावला, पण त्या कसल्या सापडताहेत! लांबवर भरतीचं पाणी परत येऊ लागलं होतं, वाळूवर त्याचा पातळ थर चढला होता, आणि एकाहत्तर वर्षांची आमची सासू, पाठ ताठ, पदर वाऱ्यावर, पाणी उडवत त्यातून चालली होती. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.